गाजलं म्हणजे चाललं का?

१९८७ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या टीव्हीवर लेबर पार्टीची एक प्रचारफिल्म लागली. समुद्रकाठच्या उंच कड्यावरून पक्षाचे नेते नील किनॉक आणि त्यांच्या पत्नी ग्लेनिस चालताहेत, मागे ब्राम्सचं संगीत, मध्ये मध्ये किनॉक यांच्या भाषणांचे तुकडे, त्यात ते आपल्याच पक्षातल्या अतिडाव्या गटाला भर अधिवेशनात झापतात तोही तुकडा आहे, आणि सगळ्यात शेवटी पडद्यावर पक्षाचं नाव येतच नाही, नुसतं 'किनॉक' येतं. दिग्दर्शक होते ह्यू हडसन, म्हणजे सिनेमातला नावाजलेला माणूस. त्या एका फिल्मनंतर किनॉक यांची लोकप्रियता सर्व्हेमध्ये सोळा अंकांनी वर गेली असं नेहमी सांगितलं जातं, आणि लेबरने ती प्रचारात पुन्हा एकदा दाखवली. त्यातल्या भाषणाचा प्रभाव असा की 'हजार पिढ्यांमध्ये विद्यापीठात जाणारा मीच पहिला किनॉक का?' हा भाग त्याच वर्षी अमेरिकेत जो बायडन यांनी श्रेय न देता स्वतःच्या भाषणात वापरला आणि त्यावरून जो गदारोळ झाला त्यात त्यांना उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडावं लागलं.

आणि मग ११ जूनला मतदान झालं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाई १०२ च्या बहुमताने परत आल्या.

आता ही फिल्म चालली म्हणायची की पडली? हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. राजकीय पक्षांच्या टीव्हीवरच्या प्रचाराचं मूल्यमापन करताना आपण सगळेच, पत्रकार, जाहिरातवाले, पक्षाचे कार्यकर्ते आणि घरात बसून बघणारे सुद्धा, दोनच फूटपट्ट्या वापरतो. एक म्हणजे फिल्म आवडली का, आणि दुसरी म्हणजे पक्ष जिंकला का. माझं प्रामाणिक मत असं आहे की ह्या दोन्ही फूटपट्ट्या खोट्या आहेत, आणि खोट्या असून त्या वापरल्या जातात ह्याचे परिणाम बरेच गंभीर आहेत, कारण त्यावरूनच पुढच्या निवडणुकीत पैसा कुठे ओतायचा आणि लोकांशी काय बोलायचं हे ठरतं.

किनॉक यांच्याच फिल्मकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. १९८३ मध्ये लेबरला २७.६ टक्के मतं होती आणि त्यांच्या अगदी मागे, २५.४ टक्क्यांवर, लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट्सची आघाडी होती. १९८७ मध्ये लेबरसमोर सत्ता मिळवणं हे दूरचं स्वप्न होतं, खरी धास्ती तिसऱ्या नंबरवर फेकले जाण्याची होती. निकाल आला तेव्हा लेबर ३०.८ वर गेलेली आणि आघाडी २२.६ वर उतरलेली. म्हणजे सरकार बदलायच्या हिशोबाने फिल्म पडली, पण प्रमुख विरोधी पक्ष म्हणून टिकायच्या हिशोबाने कदाचित तिने तिचं काम केलं. कदाचित म्हणतोय, कारण ती फिल्म लागलीच नसती तर काय झालं असतं हे आपल्याकडे नाहीच. इतिहास एकदाच घडतो, त्याची दुसरी कॉपी फिल्मशिवाय चालवून बघता येत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे.

हरलेल्या पक्षाची फिल्म वाईट आणि जिंकलेल्याची चांगली हा हिशोब किती फसवा आहे त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण ब्रिटनमधलंच आहे. टीव्हीवरचं पहिलं निवडणूक प्रसारण १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये झालं, लिबरल पक्षाचे लॉर्ड सॅम्युअल पंधरा मिनिटांसाठी कॅमेऱ्यासमोर बसले, वय ऐंशी, हातात लिहिलेलं भाषण, नजर बरीचशी कागदावर, आणि बोलणं पूर्ण व्हायच्या आतच प्रसारण बंद झालं. पुढे सगळे म्हणायला मोकळे की बघा, टीव्ही न कळल्यामुळे लिबरल फक्त ६ जागांवर आले. पण त्या निवडणुकीत लिबरलांनी ६२५ पैकी उमेदवारच मुळात १०९ उभे केले होते! बहुतेक मतदारांच्या मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं, मग भाषण कितीही उत्तम झालं असतं तरी त्या लोकांनी मत कुठे टाकायचं होतं? आणि त्याच निवडणुकीत लेबरला देशभरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षापेक्षा जास्त मतं पडली आणि तरी सरकार कॉन्झर्व्हेटिव्हांचं आलं. आता लेबरच्या प्रसारणाला पास म्हणायचं की नापास?

भारतातलं २००४ चं 'इंडिया शायनिंग' घ्या. ती खरं तर सरकारी मोहीम, पक्षाचं प्रसारण नव्हे, पण लोकांच्या डोक्यात ती निवडणुकीशी कायमची जोडली गेली आहे. भाजप हरला, म्हणून आजही कुणीही उठतं आणि सांगतं की त्या जाहिरातींनीच सरकार पाडलं. काँग्रेस १४५ आणि भाजप १३८, अंतर सात जागांचं. आणि एकट्या तमिळनाडूत काँग्रेससोबतच्या द्रमुकच्या आघाडीने ३९ पैकी ३९ जागा घेतल्या, म्हणजे कोणी कोणाशी हात मिळवला ह्या एका गोष्टीने सगळं चित्र बदललं. जाहिरातीने लोक चिडले नसतील असं मी म्हणत नाही, खेड्यातल्या माणसाला ती चकाकी टोचली असणारच. पण चिडणं आणि त्या चिडीने मत बदलणं ह्यात फरक आहे, आणि तो फरक मोजल्याशिवाय एका स्लोगनच्या माथी सगळा पराभव मारणं हे मला पटत नाही.

अमेरिकेत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने केलेली 'डेझी' ही अ‍ॅड तर ह्या बाबतीतली सगळ्यात मोठी दंतकथा. ७ सप्टेंबर १९६४ ची रात्र, एक छोटी मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजतेय, मोजता मोजता तिच्या आवाजाच्या जागी क्षेपणास्त्र सोडतानाचा उलटा आकडा सुरू होतो, आणि अणुस्फोट. विरोधी उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचं नावसुद्धा त्यात नाही. पैसे भरून ती अ‍ॅड एकदाच दाखवली, बाकी काम बातम्यांनी केलं, त्यांनी ती पुन्हा पुन्हा लावली. जॉन्सन ४४ राज्यं आणि ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. जाहिरातीच्या क्लासमध्ये ही अ‍ॅड दाखवून सांगतात की बघा काय ताकद असते एका मिनिटाची, पण जॉन्सन त्या आधीपासूनच सर्व्हेत प्रचंड पुढे होते, ती अ‍ॅड आली नसती तरी ते हरण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. कलाकृती म्हणून माझ्या अंगावर आजही काटा येतो ती बघताना. मात्र तिने मतं फिरवली असं मी म्हणणार नाही. तिने एवढं नक्की केलं की पुढचे काही दिवस चर्चा अणुबॉम्बची झाली, गोल्डवॉटर यांना बोलायचं होतं त्या विषयांची झाली नाही. ही सुद्धा कमाईच आहे, आणि माझ्या मते प्रचारफिल्मची बऱ्याचदा खरी कमाई हीच असते, पण जिंकला की हरला ह्या खात्यात ती दिसत नाही.

आता पहिल्या फूटपट्टीकडे येतो, आवडली का. आपण प्रचारफिल्म बघतो तेव्हा स्वतःसाठी थोडेच बघतो? आपलं मत आपल्याला माहीत असतं. आपण बघतो ते 'लोकांवर' काय परिणाम होईल ह्याचा अंदाज बांधत. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन ह्या अभ्यासकाने १९८३ मध्ये हे नेमकं पकडलं होतं, माणसाला वाटतं की माध्यमांचा परिणाम माझ्यावर होत नाही, इतरांवर मात्र खूप होतो. मला हे निरीक्षण फार महत्त्वाचं वाटतं कारण टीव्हीवरच्या चर्चेत बसणारा प्रत्येक जाणकार हेच करत असतो, स्वतः अजिबात न हललेला माणूस दुसऱ्या कुठल्यातरी काल्पनिक भोळ्या मतदाराच्या वतीने सांगतो की 'हे भावनिकदृष्ट्या कनेक्ट होतं'. तो काल्पनिक मतदार कुणी पाहिलेला नाही. आणि सगळे जाणकार एकमेकांचं ऐकून तेच म्हणायला लागले की ते सत्य होऊन बसतं.

त्यात अजून एक गुंता आहे, बघतं कोण? ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की पक्षाचं प्रसारण सगळ्या चॅनेलवर एकाच वेळी लागायचं, टीव्ही चालू असेल तर ते बघण्यावाचून सुटका नव्हती. नंतर ती सक्ती गेली, चॅनेल वाढले, हातात रिमोट आला. आता शेवटपर्यंत बसून बघतो तो बहुधा त्याच पक्षाचा मतदार. मग सर्व्हे येतो की 'फिल्म बघितलेल्यांपैकी बहुसंख्यांना पक्ष आवडतो', आणि पक्ष खूश. पण ते लोक फिल्म बघून पक्षाचे झाले नाहीत, पक्षाचे होते म्हणून त्यांनी फिल्म बघितली! हे इतकं साधं आहे, तरी अशा आकड्यांवर हेडलाइन होतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

ह्यातून सुटायचा रस्ता एकच, तुलना. आणि ती काही लोकांनी खरंच करून दाखवली. २००६ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी पुन्हा उभे होते आणि त्यांच्या प्रचाराने संशोधकांना एक विलक्षण परवानगी दिली, कुठल्या भागात टीव्हीवर जाहिराती कधी आणि किती लावायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायची. जवळपास वीस लाख डॉलरच्या जाहिराती, आणि दुसरीकडे रोज फोनवरून मतदारांचा सर्व्हे. अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष छापले. परिणाम झाला, आणि लहान नाही, चांगला मोठा झाला. पण एखाद्या आठवड्यात विरून गेला, जणू काही झालंच नव्हतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. कारण ह्याचा अर्थ असा की 'परिणाम झाला का' हा प्रश्नच अर्धवट आहे, कधी मोजलं हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तरच नाही. फिल्म लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सर्व्हे घ्याल तर तुम्ही बादशहा, दहा दिवसांनी घ्याल तर काहीच नाही, फिल्म तीच. किनॉक यांचे ते सोळा अंक मला तेव्हापासून वेगळे दिसायला लागले, फिल्म मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली आणि मतदान ११ जूनला, मधल्या तीन आठवड्यांत त्यातलं किती उरलं असेल?

पुढे २०२० मध्ये अलेक्झांडर कॉपॉक, सेथ हिल आणि लिन व्हॅव्ह्रेक यांनी अजून मोठं काम छापलं. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीतल्या ४९ जाहिराती, ५९ प्रयोग, सुमारे ३४ हजार लोक. काही हल्ला करणाऱ्या, काही गोड बोलणाऱ्या, काही उमेदवाराच्या, काही बाहेरच्या गटांच्या, बघणारे कधी आपल्या पक्षाचे कधी विरोधी. निष्कर्ष, परिणाम आहे पण छोटा, आणि जाहिरात कशी आहे, कोणाची आहे, कोण बघतंय, कधी बघतंय ह्याने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे 'ही फिल्म ग्रेट आणि ती फिल्म फ्लॉप' असं जे आपण तावातावाने बोलतो, ते मतांच्या पातळीवर जवळपास दिसतच नाही. अनेकांना हे निराशाजनक वाटतं, मला मात्र ह्याने बरं वाटलं. करोडो लोकांनी आयुष्यभराच्या अनुभवातून बनवलेलं मत एका मिनिटाच्या व्हिडिओने पलटत असतं तर लोकशाहीवर विश्वास ठेवायला जागाच उरली नसती.

पण इथेच थांबून 'टीव्हीचा काही उपयोग नाही' असं म्हणणं ही सुद्धा घाई होईल, आणि त्यासाठी ब्राझील बघायला हवं. तिकडे निवडणुकीच्या काळात टीव्ही आणि रेडिओवर पक्षांना फुकट वेळ देणं चॅनेलवर बंधनकारक आहे, आणि वेळेची वाटणी मुख्यतः संसदेतल्या जागांवरून होते. २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार जेराल्दो आल्कमिन यांनी मोठमोठे पक्ष सोबत घेतले ते बऱ्याच अंशी ह्या वेळेसाठीच, प्रत्येक ब्लॉकमध्ये त्यांना साडेपाच मिनिटं मिळाली. त्यांचे प्रतिस्पर्धी जाईर बोल्सोनारो यांना आठ सेकंद. पहिल्या फेरीत आल्कमिन यांना पाच टक्क्यांहूनही कमी मतं, बोल्सोनारो यांना ४६ टक्के. झालं, टीव्हीचा जमाना संपला असं सगळ्यांनी जाहीर केलं. सोशल मीडिया होतंच, पण प्रचार सुरू असताना ६ सप्टेंबरला बोल्सोनारो यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि त्यानंतर बातम्यांमध्ये ते किती तास दिसले ह्याचा विचार केला तर आठ सेकंद हा आकडा बराचसा कागदावरचाच राहतो. टीव्हीवर तर ते होतेच की, फक्त प्रचाराच्या स्लॉटमध्ये नव्हते.

आणि त्याच ब्राझीलमधला २०११ चा एक अभ्यास आहे, बेर्नार्दो दा सिल्वेइरा आणि जोआओ दे मेल्लो यांचा, गव्हर्नरच्या निवडणुकांवरचा. त्यांनी नियमातली एक गंमतीची गोष्ट हेरली, पहिल्या फेरीत वेळ असमान असतो, पण दुसऱ्या फेरीत दोनच उमेदवार उरले की दोघांना वेळ सारखा. उमेदवार तेच, राज्य तेच, मतदार तेच, फक्त मिनिटं बदलली. मग मतं बदलली का? बदलली, आणि चांगलीच. मला हा अभ्यास अत्यंत सुंदर वाटतो कारण ह्यात फिल्म कशी होती हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे बोलायला मिळालं की नाही. अध्यक्षीय उमेदवाराला सगळे ओळखतात, त्याच्याबद्दल अजून एक व्हिडिओ बघून कोणाचं काय बदलणार? पण ज्याचं नाव निम्म्या लोकांनी ऐकलेलंच नाही अशा माणसाला पाच मिनिटं मिळणं म्हणजे मतदाराच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा येणं.

आणि म्हणून चिली. ह्याच्यावर मी तासन् तास बोलू शकतो. १९८८, लष्करी हुकूमशहा पिनोचेट यांच्या सत्तेला पंधरा वर्षं झालेली, आणि त्यांना अजून आठ वर्षं द्यायची का ह्यावर हो किंवा नाही असं सार्वमत. विरोधकांना इतकी वर्षं टीव्हीवर जागाच नव्हती, आता सत्तावीस रात्री, उशिरा, रोज पंधरा मिनिटं 'हो' वाल्यांना आणि पंधरा मिनिटं 'नाही' वाल्यांना. 'नाही'च्या बाजूने इंद्रधनुष्याचं चिन्ह, आनंद येतोय असं सांगणारं गाणं, हसणारी माणसं, विनोद. विरोधकांमध्येच ह्यावरून वाद झाले, की लोक मारले गेलेत, गायब झालेत, आणि आपण गाणी म्हणायची? पण त्याच प्रसारणात गायब केलेल्यांच्या घरातल्या बायका कुएका हा जोडीने करायचा नाच एकट्याने नाचताना दिसल्या. समोरची जागा मोकळी. मी भाषा न कळता ते फुटेज बघितलंय आणि मला काही समजावून सांगावं लागलं नाही. एका रात्रीचा भाग, ज्यात एक न्यायाधीश छळाबद्दल बोलत होते, सेन्सॉर झाला.

५ ऑक्टोबरला जवळपास ५६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. पुढे ह्या प्रचारावर सिनेमासुद्धा आला आणि त्यावर चिलीतल्याच लोकांनी टीका केली की जाहिरातवाल्यांना हिरो केलंत, ज्या कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून लाखो लोकांची मतदार म्हणून नोंदणी करून घेतली आणि मतमोजणीवर समांतर नजर ठेवली ते कुठे गेले? ही टीका मला पूर्ण मान्य आहे. तरी मोजून बघणाऱ्यांनी मोजलंय, ज्या भागात टीव्ही जास्त बघितला जायचा तिथे पिनोचेट यांचा पाठिंबा अधिक घसरलेला सापडला. फार मोठा फरक नाही, पण आहे. आणि माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट अशी की पंधरा वर्षं ज्यांनी आपल्या मनातलं मोठ्याने म्हटलं नव्हतं त्यांनी ते सरकारी परवानगीने, घरातल्या टीव्हीवर, शेजाऱ्यांच्याही घरात चालू असलेलं ऐकलं. आपण एकटे नाही हे कळणं कुठल्या सर्व्हेच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? 'तुमचं मत बदललं का' असं विचारलं तर त्या माणसाचं उत्तर नाही असंच येईल, कारण त्याचं मत आधीपासून तेच होतं, बदलली ती मतदान केंद्रापर्यंत जायची हिंमत.

म्हणून कुठल्याही प्रसारणाबद्दल मला आता तीन गोष्टी हव्या असतात, कोणावर परिणाम, कशाच्या तुलनेत, आणि किती दिवस. चौथी गोष्टही हवी असते जी फारसं कुणी विचारत नाही, की त्या माणसाला जे बोलायचं होतं ते त्याला बोलता आलं का.

भारतात दूरदर्शन आणि आकाशवाणीवर राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो, १९९८ पासून ही योजना टीव्हीवर नीट चालू आहे, सगळ्यांना काही समान वेळ आणि वरचा वेळ मागच्या कामगिरीनुसार. एक माणूस टेबलामागे बसून वाचतोय, मागे साधा पडदा. कुणी म्हणेल हे कोण बघतं, बंद करा. मला तसं अजिबात वाटत नाही, ज्या पक्षाकडे चॅनेलवर जाहिरात घ्यायला पैसे नाहीत त्याला देशभर बोलायची ही एक हक्काची जागा आहे, आणि ती जपली पाहिजे. पण तिथे भाषण आधी लिहून द्यावं लागतं आणि ते तपासलं जातं. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या भाषणातले काही शब्द बदलायला किंवा काढायला सांगितले गेले अशी बातमी आली, देवराजन यांना मुस्लिमांचा उल्लेख काढायला लागला, येचुरींना कायद्यांबद्दलचं आणि राजवटीबद्दलचं कडक विशेषण. निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे केलं असं दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या बाजूने सांगण्यात आलं. आणि येचुरींनी तेव्हा सांगितलं होतं की त्याच भाषणाच्या हिंदी आवृत्तीवर काहीच आक्षेप आला नाही, बदल फक्त इंग्रजीत करावे लागले. म्हणजे एकाच माणसाचं एकच भाषण, हिंदी ऐकणाऱ्यांपर्यंत पूर्ण गेलं आणि इंग्रजी ऐकणाऱ्यांपर्यंत छाटलेलं. त्या दोन श्रोत्यांच्या मनात त्या रात्री वेगवेगळं काय उरलं हे मला फार जाणून घ्यायचंय, कुणी अभ्यासक ह्या वाटेला जाणार असेल तर मी त्याचा पेपर पहिल्या पानापासून वाचेन.